लळिंगचं कुरण: तासाभराची चाल आणि आपलं खान्देशी रान

पांझराकाठ

नाशिककडून मुंबई-आग्रा महामार्गाने येताना धुळ्याच्या अलीकडे दहाएक किलोमीटरवर लळिंगचा किल्ला दिसतो. बहुतेकांची नजर किल्ल्यावरच जाते आणि ते साहजिक आहे, फारुकींच्या सुरुवातीच्या काळातलं ते मोठं ठाणं. पण किल्ल्याभोवती जे उतार पसरलेत, दगडगोटे, गवत, मधूनच एखादं वाकडं झाड, त्यांना गाडीतले लोक सरसकट 'उजाड डोंगर' म्हणून मोकळे होतात. हा धागा त्या उजाड डोंगराबद्दल आहे.

लळिंगच्या कुरणात लोक जातात ते मुख्यतः ३१ जुलैला, लांडोर बंगल्यावर. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा इथे थांबले होते, म्हणून त्या दिवशी दरवर्षी गर्दी लोटते. पावसाळ्यात धबधब्यापुरते काही तरुण येतात. बाकीचे महिने कुरण गुराख्यांचं आणि मोरांचं. माझं म्हणणं एवढंच आहे, की आश्विन-कार्तिकात सकाळी तासभर इथल्या पायवाटेने हळूहळू चालून बघा आणि मग ठरवा हे रान उजाड आहे का.

रस्त्यावरून आत वळलं की पहिलं भेटतं गवत. लांबून एकच पिवळा पट्टा दिसतो, पण जवळ गेलं की पवन्या वेगळा, मारवेल वेगळा, दगडी उतारावरचं डोंगरी गवत वेगळं. आणि सगळ्यात जास्त कुसळी. मोज्यात घुसणारी म्हणून आपण तिला शिव्या देतो. एकदा तिचं एक कुसळ तळहातावर घेऊन पाहा. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, बियावर मागे वळलेले बारीक तांबूस केस आणि पुढे तीन-चार इंच लांब काळपट शेपूट, मध्ये वाकलेली. त्या शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडा. काही क्षणांत ती आपणहून फिरायला लागते, पीळ सुटतो. उन्हात वाळली की पीळ परत बसतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर हे बी जमिनीत स्वतःला रुतवत नेतं, आणि मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. धुळ्याच्या या पट्ट्यात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, त्यातही मधे महिन्याचा खंड. उतारावर माती वीतभर. अशा ठिकाणी बी पेरायला कोणी येत नाही म्हणून गवताने स्वतःच ही सोय केलेली आहे.

पुढे चढ सुरू झाला की अंजन लागतो. अंजन ओळखायला सोपा: देठाला दोनच पाती, बुडाशी चिकटलेली, आणि फांद्यांची टोकं खाली झुकलेली. चैत्रात नवी पालवी येते ती तांबूस रंगाची, तेव्हा ऊन पाठीमागून आलं तर अख्खं झाड पेटल्यासारखं दिसतं. लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. आपल्याकडे दुष्काळी वर्षी अंजनाचा पाला तोडून ढोरं जगवली आहेत, ही गोष्ट कुठल्याही गावात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो अर्धा तास बोलेल. म्हणून जुने अंजन बरेचदा डोकं छाटलेले, बुंध्याने जाड आणि वर नव्या फांद्यांचा झुबका, असे दिसतात.

अंजनाच्या सोबतीला सालई, धावडा, मोईन, हिवर, खैर, टेंभुर्णी, आणि उघड्या कातळावर कांडोळ. कांडोळाची साल पांढरीफटक आणि गुळगुळीत, कागदासारखी सुटते. हिवाळ्याच्या शेवटी पानं नसताना तो चंद्रप्रकाशात कसा दिसत असेल याची कल्पना करा, काही भागांत त्याला भुत्या म्हणतात ते उगाच नाही.

मातीच्या कोरड्या कडेला, दगडाच्या आडोशाला, बारीक धुळीत शंकूच्या आकाराचे खड्डे दिसतील, रुपयाच्या नाण्याएवढे. तिथे उकिडवं बसा. खड्ड्याच्या तळाशी धुळीत एक अळी दडलेली असते. मुंगी काठावर आली की धूळ निसटते, मुंगी चढायला बघते, तेवढ्यात खालून धुळीचे कण उडायला लागतात. अळी डोक्याने माती फेकून मुंगीला खाली पाडते. हीच अळी पुढे चतुरासारखी दिसणारी पंखवाली होते. मुलांना घेऊन गेलात तर या एका जागेवरून ती लवकर हलणार नाहीत.

एवढं सगळं तासाभराच्या अंतरात. आणि आता मुद्द्याचं. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात अशा उतारांवर खड्डे खोदून रोपं लावण्याची मोहीम जोरात आहे. आमच्या गावाजवळच्या एका माळावर हेच झालं. गवत खरवडलं, चर खोदले, ग्लिरिसिडिया आणि गुलमोहर अशी बाहेरची झाडं लावली. दोन उन्हाळ्यांत निम्म्याहून जास्त रोपं वाळली. जी जगली त्यांच्याखाली गवत नाही, आणि तिथे आता तित्तर बोलत नाही. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण ती जागा रिकामी नव्हती. माळ आणि झुडपी रान हे खान्देशाचं मूळचं रान आहे, ते अर्धवट राहिलेलं जंगल नाही.

तुमच्या भागातल्या अशा पायवाटा सांगा. फोटो नसले तरी चालतील, झाडांची नावं लिहा.

---

चाळीसगावकर

दादा, उत्तम धागा. आमच्याकडची वाट पाटणादेवीची. चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटर. देवीच्या मंदिरापासून ओढ्याच्या कडेकडेने केदारकुंडाकडे जाणारी वाट लहान मुलं आणि म्हातारी माणसंही सावकाश करू शकतात. हा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, १९८६ साली जाहीर झालेलं, साधारण २६० चौरस किलोमीटर, थोडं आपल्या बाजूला आणि बरंचसं कन्नडकडे. नावातला औट्रम म्हणजे १८२५ साली खान्देशात भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी.

लळिंगपेक्षा इथलं रान दाट. ओढ्याला अर्जुनसादडा, जांभूळ, उंबर, करंज. पण वाट सोडून जरा वरच्या उतारावर नजर टाकली की परत तेच सालई, धावडा, गवत. म्हणजे पाणी जिथे साठतं तिथे दाट, जिथे कातळ तिथे विरळ. एकाच वाटेवर दोन्ही बघायला मिळतं म्हणून मी नवख्या लोकांना इथे नेतो.

वाटेत पाटणचं जुनं महादेव मंदिर आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढल्याचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. बरेच जण तेवढं बघून गाडीत बसतात. माझी विनंती आहे, मंदिर बघून झाल्यावर अर्धा तास ओढ्याकडे जाऊन बसा. मृगाचा पाऊस झाला की नवरंग पक्षी येतो. दिसायला अवघड, जमिनीवर पालापाचोळ्यात उड्या मारत फिरतो, पण त्याची दोन स्वरांची शीळ एकदा ओळखली की विसरत नाही.

---

तापीपट्टा

धागा आवडला, पण एका गोष्टीवर सहमत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. रस्त्यावर उभं राहायला सावली नाही. अशा वेळी तुम्ही सांगताय की डोंगरावर झाडं लावू नका. शहरातल्या माणसाला हे पटवणं कठीण आहे. उतारावर झाडं असतील तर पाणी मुरेल, विहिरी टिकतील, हे आपण लहानपणापासून शिकलो. वाळलेल्या गवताने काय होणार? वणवा तेवढा लागेल.

---

पांझराकाठ

तापीपट्टा, प्रश्न योग्य आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

सावली जिथे माणूस चालतो तिथे हवी. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, बाजारात, बसथांब्यावर, शेताच्या बांधावर. तिथे कडुनिंब, वड, पिंपळ, करंज, चिंच लावा, मी स्वतः खड्डे खोदायला येतो. लळिंगच्या उतारावर लावलेल्या झाडाने जळगावच्या बसस्टँडवर सावली पडत नाही.

पाण्याचं म्हणाल तर गवताची मुळं दाट जाळ्यासारखी असतात, वीतभर मातीला तीच धरून ठेवतात. पहिल्या वळवाच्या सरीत उतारावरून माती वाहून जाते ती गवत खरवडलेल्या जागेतून. खड्डे आणि चर खोदताना नेमकं ते जाळं तुटतं. जिथे माती खोल आहे, नाला आहे, तिथे झाड आपणहून येतं. वर चाळीसगावकरांनी हेच सांगितलंय.

वणव्याची काळजी खरी आहे. वणवा बहुतेक वेळा माणूस लावतो, नवं गवत लवकर फुटावं म्हणून किंवा बिडी टाकून. त्यावर उपाय जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, आणि वेळेवर गवत कापून नेणं. पूर्वी कुरणांच्या गवताचे लिलाव व्हायचे, गाड्या भरून गवत जायचं, तेव्हा जळायला फार काही उरत नसे.

आणि एक. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत झुडपी जमीन आणि माळ हे 'पडीक' या सदरात धरले जातात. कागदावर एकदा पडीक ठरलं की तिथे काहीही करायला मोकळीक. आपण चालून, नावं लिहून, मुलांना दाखवून त्या जागेची ओळख तयार केली नाही तर उद्या तिथे काय उभं राहील ते सांगता येत नाही.

---

शहाद्याची

नंदुरबार जिल्ह्यातून लिहितेय. या चर्चेत रानपिंगळ्याचं नाव यायलाच हवं.

हा घुबडांच्या कुळातला लहान पक्षी. १८७३ साली पक्षीअभ्यासक ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे १८८० नंतरच्या काही वर्षांत डेव्हिडसन नावाच्या खान्देशातल्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याच भागातून त्याचे नमुने गोळा केले. शेवटचा खरा नमुना १८८४ चा. मग पक्षी गायब. रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज पक्षीसंग्राहकाने आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दावा केला होता, आणि त्यावर विश्वास ठेवून लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. तो नमुना प्रत्यक्षात दुसऱ्याचा चोरलेला निघाला. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी हे प्रकरण तपासलं आणि जुने खरे नमुने जिथून आले होते तिथे शोध घ्यायचं ठरवलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला, तो आमच्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. ११३ वर्षांनी.

हा पक्षी घनदाट जंगलात राहत नाही. विरळ, पानझडीचं, उजेड खाली येणारं रान त्याला लागतं, साग-सालई-धावड्याचं. आणि तो दिवसा बाहेर बसतो, उघड्या फांदीवर, उन्हात. जो रानाचा तुकडा आपण 'विरळ झालाय, भरून काढू' म्हणतो, तोच त्याचं घर असू शकतो.

तोरणमाळला जाणारे घाट चढून थेट यशवंत तलावावर जातात. पायथ्याच्या गावांजवळच्या पायवाटेने सकाळी एखादा किलोमीटर चाला. झाडं बघा, फांद्या बघा. मात्र ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावू नका. संख्या आधीच थोडी आहे आणि विणीच्या काळात त्याचा फार त्रास होतो.

जाता जाता, चालताना रोशा गवताचं एक पान चुरगळून वास घ्या. याच गवतापासून तेल काढायच्या भट्ट्या खान्देशात होत्या.

---

अहिराणीना_लेक

भाऊ, तुम्हनं लिखेल वाचीसन आमनं गावनं कुरण डोयासमोर उभं राहिनं. मना आजला म्हने, दुष्काळमा गवत सरनं तरी अंजनना पाला ढोरेसले तारी लेस. आते पोरेसले अंजन कोनता नि सुबाभूळ कोनती, हाई बी समजत नही. त्यासले रानमा घेई जावाले पाहिजे.

---

पांझराकाठ

भो, एक नंबर लिखं. आजलाकडून अजून काही माहिती मिळाली तर इथे टाक. विशेषतः कुठल्या महिन्यात पाला तोडायचा आणि कुठली फांदी ठेवायची, हे त्या पिढीला पक्कं माहीत होतं.

---

साक्रीकर_मास्तर

मी भूगोल शिकवतो म्हणून दगडाकडे आधी लक्ष जातं. धुळे-नंदुरबार भागात फिरताना माळावर सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती दिसतात, काही तर मैलोन्‌मैल. अनोळखी माणसाला वाटतं जुना तट आहे. त्या माणसाने बांधलेल्या नाहीत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीतल्या भेगांतून वर आला आणि भेगेतच थिजला. आजूबाजूचा मऊ खडक झिजला, ही भिंत उरली. भूगर्भशास्त्रात तिला डाइक म्हणतात. आपल्या जिल्ह्यांतला डाइकांचा समूह जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे.

पायवाट अशा भिंतीला छेदून जाते तिथे थांबा. दगडाच्या फटीत पाणी आणि माती अडते, म्हणून माळ सगळा पिवळा असताना भिंतीच्या कडेने झुडपांची हिरवी रेघ दिसते. शेतकऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे: भिंतीच्या एका अंगाला विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाला ठणठणाट, असंही काही ठिकाणी असतं. फटींत पाली, सरडे, कधी घोरपड. कपारीत सायाळीचे काटेही सापडतात.

दुसरं, आमच्या तालुक्यातले ठेलारी. मेंढ्या घेऊन वर्षातला मोठा काळ फिरतीवर असतात. माळ बिघडला की आपण पहिलं बोट त्यांच्याकडे दाखवतो. मी त्यांच्याशी बोललो आहे. एकाच जागी ते फार दिवस थांबत नाहीत, गवत पूर्ण खाऊन संपायच्या आत मेंढ्यांचा वाडा हलतो, आणि शेतात मेंढ्या बसवल्या तर लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी त्यांना बोलावतात. माळ बंदिस्त होत गेला, रस्ते, प्रकल्प, कुंपणं आली, तशी त्यांची फिरायची जागा आकसली आणि उरलेल्या तुकड्यावर ताण वाढला. माळाबद्दल बोलताना या लोकांना विचारल्याशिवाय बोलू नये असं मला फार वाटतं. गवताची सगळ्यात जास्त नावं मी त्यांच्याकडून शिकलो.

---

आई_जळगाव

माझी मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत. जायची खूप इच्छा आहे, पण सापांची भीती वाटते. आमच्याकडे सासूबाई तर गवतात पाय ठेवू नका म्हणतात. नेमकी काय काळजी घ्यायची? आणि जळगावजवळ सोपं काही आहे का?

---

सातपुडा_पायी

ताई, सासूबाईंचं चूक नाही, पण काळजी घेतली तर मुलांना जरूर न्या.

दगडाळ कोरड्या रानात बघायचा तो फुरसं. लहान असतो, मातीच्या रंगाचा, दगडाखाली किंवा पाल्यात बसलेला. डिवचला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतो. तो आवाज आला की जागीच थांबा आणि मागे या. मुलांना एकच नियम पक्का सांगा: दगड उचलायचा नाही, कपारीत हात घालायचा नाही. बसण्याआधी जागा काठीने झटकायची. घोट्याच्या वर येणारे बूट, जाड मोजे, पूर्ण पँट. पायवाट सोडून उंच गवतात शिरायचं नाही. संध्याकाळी दिवे लागणीच्या आत बाहेर.

तरीही चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक यातलं काहीही न करता हात-पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं. जाताना जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते आधी बघून ठेवा, म्हणजे धावपळ होत नाही.

जळगावात मोहाडी रस्त्याला वनविभागाचं लांडोरखोरी आहे. शहराला लागून, चालायची वाट आखलेली, सकाळी लोकांचा वावर असतो. मुलांसाठी सुरुवात तिथून करा. मोर दिसतातच. जरा मोठी झाली की पालला या. यावल अभयारण्य १९६९ पासूनचं, सुकी नदीचं खोरं, खाली रावेरच्या केळीच्या बागा आणि वर चढलं की लगेच सागाचं आणि अंजनाचं रान. दोन्हींमधला फरक मुलांना न सांगता कळतो.

---

आई_जळगाव

मनापासून आभार. रविवारी लांडोरखोरीला जातो. मुलीला वही देणार आहे झाडांची नावं लिहायला.

---

रोपवाटिका_शिरपूर

मी रोपांच्याच धंद्यात आहे, म्हणून दोन शब्द. अंजनाची रोपं द्या असं लोक मागतात आणि पिशवीतलं रोप वीतभर बघून नाराज होतात. अंजन वर हळू वाढतो, पहिली काही वर्षं त्याचं सगळं लक्ष खाली असतं. सोटमूळ खोल जातं. पिशवीत ते मूळ तळाला जाऊन गोल वळतं आणि नंतर माळावर लावलं की झाड तग धरत नाही. त्यामुळे मी सांगतो, रोप नेऊ नका, बी न्या. वैशाखात चपट्या शेंगा वाऱ्यावर उडतात, टोकाला एकच बी असतं. दरवर्षी सारखं धरत नाही, ज्या वर्षी धरेल त्या वर्षी गोळा करा आणि पावसाच्या तोंडावर जागेवरच टोका. तेही जिथे अंजन पूर्वी होता आणि तुटला तिथे. गवताच्या माळावर मधोमध नको.

घाणेरी, रानतुळस, वेडी बाभूळ या तिन्ही बाहेरून, अमेरिका खंडातून आलेल्या. ज्यांना श्रमदान करायचंच आहे त्यांनी खड्डे खोदण्यापेक्षा घाणेरी मुळासकट उपटावी. पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओली असताना, फळं धरायच्या आत. नुसती कापली तर दुप्पट फुटते. हे काम फोटोत छान दिसत नाही म्हणून कोणी करत नाही. वनजमिनीवर मात्र आधी वनविभागाशी बोलूनच, तिथलं काहीही उपटायला किंवा बी टोकायला परवानगी लागते.

---

तापीपट्टा

रोपवाटिका, हे मला जास्त पटलं. आमच्या मंडळाचं दरवर्षी वृक्षारोपण असतं. या वर्षी घाणेरी काढायचा विषय बैठकीत मांडतो. माळाच्या बाबतीत माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण ग्लिरिसिडियाची मागणी मी करणार नाही.

---

साक्रीकर_मास्तर

तापीपट्टा, एकदा आमच्या बारीपाड्याला येऊन जा. तिथे गावाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून उजाड झालेलं रान राखलं. कुऱ्हाडबंदी केली, चराईला नियम लावले, नियम मोडला की दंड. साडेचारशे हेक्टरच्या आसपासचं रान आज उभं आहे. या कामात पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांना त्याबद्दल २०२५ साली पद्मश्री मिळाली. मुद्दा असा की त्या रानातली बहुतेक झाडं कोणी लावलेली नाहीत. तुटलेल्या खोडांना धुमारे फुटले, जमिनीत पडून राहिलेलं बी उगवलं. माणसांनी फक्त हात आवरला आणि पहारा दिला.

पावसाळ्यात तिथे रानभाज्यांची स्पर्धा असते. आदिवासी बाया रानातून भाज्या आणतात, शिजवतात आणि प्रत्येक भाजीचं नाव, कुठे मिळते, कशी करायची ते सांगतात. कर्टुलं, कुर्डू, तरोटा आपल्याला माहीत असतात, पण तिथे ताटात नाव न ऐकलेल्या भाज्या येतात. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो तेव्हा वर्गात वनस्पतींचं नाव काढलं की जांभया देणारी मुलं एका आजीभोवती वही घेऊन बसली होती.

---

पांझराकाठ

मास्तर, बारीपाड्याचं उदाहरण दिलंत ते फार बरं झालं. राखणं हे लावण्याइतकंच काम आहे, किंबहुना जास्त, कारण ते रोज करावं लागतं.

काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून लळिंगबद्दलची व्यावहारिक माहिती इथेच देतो. कुरण वनविभागाच्या ताब्यात आहे, त्यामुळे गटाने जाणार असाल तर धुळ्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी सांगा आणि आत जाण्याचे सध्याचे नियम विचारा. चार-पाच जणांपेक्षा मोठा गट नको, गप्पाच होतात आणि पक्षी उडून जातात. सूर्य वर यायच्या आधी पोहोचा, साडेनऊनंतर कार्तिकातही ऊन चढतं आणि मोर सावलीला जातात. पाणी माणशी दोन लिटर, वाटेत कुठे भरवशाचं पाणी नाही. खाऊची पुडकी परत घरी.

मुलं असतील तर बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी बांधून न्या आणि अंजनाखाली बसून खा. काडेपेटी, बिडी-सिगारेट गाडीतच ठेवा. नोव्हेंबरपासून गवत वाळतं आणि एका ठिणगीत अख्खा उतार जातो.

कुसळीचा प्रयोग कोणी करून पाहिला तर इथे जरूर लिहा. थेंब टाकल्यावर शेपूट कोणत्या दिशेने फिरते आणि वाळताना कोणत्या, हे मुलांना बघायला सांगा.

---

शहाद्याची

आमच्या शाळेत उद्याच करतो. मागच्या आवारात कुसळी भरपूर आहे. आठवीच्या वर्गाला प्रत्येकी एक कुसळ आणि बाटलीच्या झाकणात पाणी देते, निष्कर्ष सोमवारी टाकते.